मोहाबोडीतली सिमिलीची भिंत

इंग्रजी भाषेत सिमिली नावाचा अलंकार नसता, तर मोहाबोडी गावात त्या वर्षी कोणाचंच काही बिघडलं नसतं. मुखरू ढिवरानं तळ्यावर निवांत जाळं टाकलं असतं, जंगलखात्यानं शाळेला पत्र लिहिलं नसतं आणि भैयाजी मालगुजार हे झाड आहेत की माणूस, हा प्रश्न चारचौघांत निघाला नसता. पण इंग्रजी भाषा तयार करताना मोहाबोडीला कोणी विचारलं नव्हतं आणि मनसाराम वासेकरनं भिंतीवर लिहिताना गावाला विचारलं नव्हतं. दोन्ही चुका सारख्याच मोठ्या ठरल्या.

मनसाराम हा मोहाबोडीच्या हायस्कुलातला इंग्रजीचा मास्तर. वय चोवीस, गाव वरोरा, अंगात एक कोट आणि डोक्यात इंग्रजी कविता. हायस्कूल म्हणजे भैयाजी मालगुजारांचा जुना गोठा. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली, बैल कमी झाले, रिकाम्या गोठ्याचं काय करावं याचा गावानं विचार केला आणि हायस्कूल काढलं. गव्हाणी तशाच होत्या, मुलं त्यांत दप्तरं ठेवत. एक म्हातारा बैल जुन्या सवयीनं रोज चार वाजता नववीच्या वर्गात येऊन उभा राही. त्याचं नाव हजेरीपटात घालावं असं हेडमास्तरांच्या मनात अनेकदा येऊन गेलं होतं, कारण त्याच्याइतका नियमित विद्यार्थी शाळेत दुसरा नव्हता.

आदल्या वर्षी या शाळेतून नऊ मुलं चांद्याला मॅट्रिकच्या परीक्षेला बसली आणि नऊच्या नऊ इंग्रजीत नापास झाली. एवढी एकी शाळेनं दुसऱ्या कुठल्याही विषयात दाखवली नव्हती. त्यामुळे जानेवारी उजाडला तसं चांद्याहून पत्र आलं, की बावीस तारखेला खुद्द इन्स्पेक्टरसाहेब येऊन मॅट्रिकच्या वर्गाची इंग्रजीची उजळणी तपासतील. कविता, अलंकार, शब्दसंग्रह, सगळं. खाली आणखी एक ओळ होती. इंग्रजी शिक्षकाचं उमेदवारीचं वर्ष संपत आलं आहे, त्याला कायम करावं की मोकळं करावं, ते याच तपासणीवर ठरेल.

मोकळं झाल्यावर काय होईल, हे मनसारामला पक्कं ठाऊक होतं. वरोऱ्याला मामाच्या जिनिंगात कापसाच्या गाठींवर काळ्या शाईनं आकडे मारायचं काम त्याची वाट बघत होतं. मामा दर महिन्याला पत्र लिहून त्याची आठवण करून देत असे. ज्या माणसाला संध्याकाळचं आभाळ बघून विशेषणं सुचतात, त्याला गाठींवर आकडे मारायला बसवणं म्हणजे काय, हे मामाला कळणं शक्य नव्हतं. मामाला आभाळ बघून फक्त कापूस भिजेल का, एवढंच सुचे.

तर उजळणी. मॅट्रिकच्या वर्गात अकरा मुलं होती. "सिमिली म्हणजे काय?" असं विचारलं की अकराही जण उठत आणि त्यांतले दहा एका सुरात व्याख्या म्हणत. सूर एकोणिसाच्या पाढ्याचा होता. मधे थांबवलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. "आता उदाहरण द्या," म्हटलं की वर्गात इतकी शांतता पसरे, की पलीकडच्या वर्गातलं भूमितीचं प्रमेय सुटताना ऐकू येई. दोष मुलांचा नव्हता. पुस्तकातल्या कवितांमध्ये बर्फ होता, समुद्र होता, विलायती पाखरं होती. समुद्र कोणीच पाहिला नव्हता. बर्फ मनसारामनं पाहिला होता, पण तोही वरोऱ्याच्या स्टेशनवर, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. त्यामुळे कवी बर्फाकडे पाहून हळवा का झाला, हे सांगताना तो दरवेळी अडखळे.

मग एके दिवशी त्याला कल्पना सुचली. (पुढं हेडमास्तर जन्मभर नव्या शिक्षकांना सांगत, की तुम्हाला कल्पना सुचली तर आधी मला कळवा, मग दोन दिवस झोपून राहा.) कल्पना अशी, की विलायती पाखरं सोडा, आपल्या गावातली माणसं घ्या. प्रत्येक मुलानं गावातली चार माणसं बघायची, नीट बघायची आणि प्रत्येकावर इंग्रजीत एक सिमिली, म्हणजे उपमा, लिहायची. अकरा चोक चव्वेचाळीस. मुलांना गंमत वाटली. दोन दिवसांत चव्वेचाळीस सिमिल्या आल्या आणि त्यातल्या काही तर अशा, की मनसारामला कविता वाचून व्हायचं ते झालं. येता-जाता उजळणी व्हावी म्हणून त्यानं तळ्याकडच्या रस्त्यावरची शाळेची बाहेरची भिंत चुन्यानं पोतारली आणि गेरूनं सगळी यादी लिहिली. क्रमांक, माणसाचं नाव मराठीत, पुढं सिमिली इंग्रजीत. अक्षर फार सुरेख आलं. तो लांब जाऊन भिंतीकडे बघत उभा राहिला आणि स्वतःवर खूश झाला. त्यानंतर बावीस तारखेपर्यंत त्याला तशी संधी मिळाली नाही.

मोहाबोडीत याआधी माणसांची नावं क्रमांकानं एकदाच लिहिली गेली होती. मालगुजारी गेली तेव्हा सरकारी माणसं आली होती. जंगलातून सरपण कोणी आणायचं, ढोरं कुठे चारायची, तळ्यातली मासळी कोणाची, हे सगळं त्यांनी एका दिवसात लिहून नेलं. त्या दिवशी लटारू नावाचा एक बिचारा पोंभुर्ण्याला बहिणीकडे गेला होता. त्याचं नाव राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून लटारू स्वतःच्या चुलीसाठी दुसऱ्याच्या नावावर सरपण आणत होता आणि गावानं मनाशी एक गाठ बांधली होती, की यादीत नाव आलं तर ते नीट आलं पाहिजे, आणि नाही आलं तर गेलोच.

मुलांनी घरोघरी अर्थ सांगितले आणि पहिली ठिणगी मनसारामच्या ताटात पडली. शाळेला लागून गुणाबाईचं घर होतं. तिच्याकडच्या एका खोलीत तो राही आणि दोन्ही वेळा तिच्याच हातचं जेवे. त्या दिवशी अंबाडीच्या भाजीत मीठ नव्हतं. त्यानं मीठ मागितलं.

"मीठ लिवलं नाई भितीवर," गुणाबाई म्हणाली.

"काय झालं, गुणाबाई?"

"मले काय होते! चव्वेचाळीस जन लिवले तुमी. नथ्थू कोतवालाची बकरी लिवली. अन् तुमाले दोन वक्त जे बाई राधून घालते, थे नाई लिवली."

"अहो, बकरी नाही लिहिली. नथ्थू बकरीसारखा उड्या मारत चालतो, असं लिहिलंय."

"म्हंजे दोघंबी आले. येका वळीत दोन जीव बसवले, अन् मले येकटीले जागा नाई!"

या मुद्द्यावर व्याकरणाच्या पुस्तकात काही दिलेलं नव्हतं. मनसारामनं हात धुतले आणि पंचेचाळिसाव्या क्रमांकावर गुणाबाईला घेण्याचं कबूल केलं. "तुम्ही दिव्यासारख्या आहात, असं लिहितो."

"कोनता दिवा? चिमनी का कंदील?"

"कवितेत नुसताच दिवा असतो."

"नुसता दिवा माह्या घरात नाई. उद्या सरकारी मानूस येऊन म्हनला, दाखव दिवा, मंग? कंदील हाये, थो लिवा. त्याची काच तडकली हाये, थेबी लिवा. मांगून खोटं निघाले नको."

अशा रीतीनं 'गुणाबाई तडकलेल्या काचेच्या कंदिलासारखी आहे' ही ओळ साहित्यात आली. मनसारामची रसिकता जरा दुखावली, पण भाजीत मीठ परत आलं, आणि रसिकता नि मीठ यांत निवड करायची वेळ आली तर बहुतेक रसिक काय निवडतात, हे आपण जाणतोच.

दुसऱ्या दिवशी मुखरू ढिवर आला. ओल्या धोतरानं, थेट तळ्यावरून, मागे तिघे घेऊन. मुखरूची मुलगी कमळा मॅट्रिकच्या वर्गात होती. वर्गातली एकुलती मुलगी आणि व्याख्या सुरात न म्हणणारीही तीच एक. बापावर तिनं लिहिलं होतं, की माझा बाप पाण्यात बगळ्यासारखा धीरानं उभा असतो. सगळ्या भिंतीवर हीच सिमिली सर्वांत सुंदर होती, म्हणून मनसारामनं तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

"मास्तर, थ्या दोन रेघा काऊन मारल्या?" मुखरूनं विचारलं. "नोटिशीत मारतेत तशा?"

"चांगलं आहे म्हणून मारल्या, मुखरूभाऊ. तुमच्या पोरीनं फार छान लिहिलंय."

"पोरगी लहान हाये, तिले समजत नाई. बगळा काय करते, मास्तर? तळ्यातली मासळी चोरते. त्याच्यापाशी हक्काचा कागद हाये का? नाई. मी बगळ्यासारखा, म्हंजे मीबी चोरून राह्यलो. उद्या कोनी तळ्यावर आला अन् म्हनला, तुहं नाव बगळ्यात हाये, निंघ भाईर, त आमची चाळीस घरं कुठी जातीन?"

मनसाराम हसणार होता. पण मुखरूच्या मागचे तिघे हसत नव्हते आणि मुखरूचा हात धोतराचा सोगा पिळत होता. तेव्हा त्यानं हसू गिळलं आणि तासभर समजावून सांगितलं. सिमिलीत माणूस सगळाच्या सगळा बगळा होत नाही. फक्त एका गुणापुरती तुलना असते. 'सारखा' म्हणजे फक्त सारखा. तोच नव्हे.

मुखरूनं ते मन लावून ऐकलं. "मंग तेवढंच लिवा," तो म्हणाला. "धीरापुरता बगळा. मासळीपुरता नाई."

मनसारामनं तशी पुरवणी जोडली. कमळा लांबून बघत होती. तिचा चेहरा कवितेवर शाईची दौत सांडलेल्या कवीसारखा झाला होता.

पण खरा घोळ भैयाजींचा झाला. भैयाजी एके काळचे मालगुजार, शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष, शिवाय गोठा त्यांचा. मुलांनी त्यांच्याबद्दल लिहिलं होतं, की भैयाजी जुन्या वडासारखे आहेत, त्यांच्या सावलीत पुष्कळ जण बसतात. भैयाजींना ते अर्धा दिवस फार आवडलं. मग नथ्थू कोतवालानं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मनसारामला बोलावणं आलं. भैयाजी ओसरीवर बसले होते.

"मास्तर, मले येक सांगा. झाडं कोनाची?"

"कोणती झाडं?"

"सारी."

"सरकारची."

"कवापासून?"

"मालगुजारी गेली तेव्हापासून."

"मंग मले झाड काऊन केलं?" भैयाजींचा आवाज चढला नाही, उलट बसला. "जंगल गेलं, मोहाची झाडं गेली, तळं गेलं. मी येकटा माह्यापाशी राह्यलो होतो. त्यालेबी तुमी सरकारजमा करून राह्यले?"

मनसारामनं सावलीपुरता वड, लाकडापुरता नाही, अशी तोड काढली. भैयाजींना ती पटली नाही. मग दुसरं काहीतरी शोधायचं ठरलं. भैयाजी म्हणाले, वाघ लिहा. नथ्थू म्हणाला, मालक, वाघाच्या शिकारीचा परवाना निघते. हत्ती म्हटलं, तर हत्तीले धरून लाकडं ओढाले नेतेत. मोर झाला, सांबर झालं, रानडुक्कर भैयाजींनी स्वतःच नाकारलं. दीड तासात जंगलातला एकही प्राणी असा सापडला नाही की ज्याच्यावर कुठल्या ना कुठल्या खात्याचा नियम नव्हता. शेवटी भैयाजींनी निकाल दिला. "लिवा. भैयाजी भैयाजीसारखे हायेत."

"तसं चालत नाही," मनसाराम कळवळून म्हणाला. "सिमिलीत दोन वेगवेगळ्या गोष्टींची तुलना लागते."

भैयाजींनी मास्तरला जवळ बोलावलं. "मास्तर," ते म्हणाले, "मालगुजारी होती तवाचा भैयाजी, अन् आताचा भैयाजी. ह्या दोन येगयेगळ्या चीजा नाईत का?"

मनसारामनं अलंकारांवर तीन पुस्तकं वाचली होती. तिघांपैकी एकाही लेखकाला हे सुचलेलं नव्हतं. त्यानं निमूटपणे जाऊन वड पुसला आणि भैयाजींच्या पुढं भैयाजी लिहिले.

बातमी पसरली की मास्तर ऐकतो. मग माणसं येतच राहिली. लटारू सगळ्यांत शेवटी आला, कारण दुसऱ्यांचं आटोपेपर्यंत थांबायची त्याला सवय झाली होती. "मास्तर, मले कायबी करा," तो म्हणाला. "दगड करा, गोटा करा. पन यादीत घ्या. अन् जमलं त माह्या नावापुढं जरासं सरपन येऊ द्या."

मनसारामचं मन भरून आलं. मन भरून आलेलं असताना माणसानं गेरू हातात घेऊ नये. त्यानं एक्कावन्नाव्या क्रमांकावर लिहिलं, लटारू सरपणासारखा वाळलेला आहे. लटारूनं त्या ओळीला हात जोडले, कमळाकडून तिची कागदावर नक्कल करून घेतली आणि गाडी जुंपून थेट जंगलाच्या नाक्यावर गेला. नाकेदाराला इंग्रजी येत नव्हतं, पण इंग्रजी कागदाला नाही म्हणायची त्याला कधी सवय नव्हती. लटारू गाडीभर सरपण घेऊन राजरोस परत आला, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर. दुसऱ्या दिवशी नाक्यावर नऊ गाड्या उभ्या राहिल्या, नऊही जणांच्या हातात सिमिल्या. गुणाबाईनं कंदिलाच्या ओळीवर सागाची फाटी मागितली, तेव्हा मात्र नाकेदाराला शंका आली आणि त्यानं वर कळवलं.

चार दिवसांत जंगलखात्याच्या रेंज ऑफिसचं पत्र हेडमास्तरांच्या टेबलावर पडलं. शाळेच्या भिंतीवर गावच्या हक्कांची नवी यादी कोणाच्या हुकमानं उघडली? खुलासा तीन प्रतींत पाठवावा. एक प्रत माहितीसाठी शिक्षणखात्याला पाठवली आहे.

हेडमास्तर गणित शिकवत. शब्दांवर त्यांचा मुळातच विश्वास नव्हता. "मास्तर," ते म्हणाले, "बावीस तारखेला ही भिंत पांढरी दिसली पाहिजे. नाहीतर तेविसाला तुम्ही वरोऱ्याला दिसाल."

मनसारामनं चुन्याची बादली उचलली आणि भिंतीपाशी गेला. तिथं नथ्थू कोतवाल काठी आडवी धरून बसला होता.

"सरकारी नोंद पुसता?" नथ्थू म्हणाला. "जेलात जासान, मास्तर. तुमच्या भल्यासाठी सांगून राह्यलो."

"अरे, सरकारी नाही ती! मी लिहिलीय!"

"तुमाले पगार कोन देते?"

बादली परत गेली. हेडमास्तर स्वतः आले, तेही परत गेले. मग मनसारामनं शेवटचा उपाय म्हणून ठरवलं, की गावाला सिमिली मुळापासून समजावून सांगायची, म्हणजे हे अलंकार आहेत, हक्क नव्हेत, हे गावाच्या ध्यानात येईल. तो रोज शाळा सुटल्यावर अंगणात उभा राहू लागला. पहिल्या दिवशी वीस माणसं आली, तिसऱ्या दिवशी सत्तर. बाया चाळणी-सूप घेऊन येत आणि धान निवडता निवडता ऐकत. सिमिलीत 'सारखा' म्हणतात, मेटाफरमध्ये 'आहेच' म्हणतात, हायपरबोलीत वाढवून सांगतात. एवढ्या एकचित्तानं आपलं कोणी ऐकतंय, हे मनसारामनं पहिल्यांदाच अनुभवलं. सहाव्या दिवशी त्यानं समाधानानं विचारलं, "मग काय ठरलं? या ओळींनी कोणाला काही हक्क मिळतो का?"

"सिमिलीनं नाई भेटत," मुखरू विचार करून म्हणाला. "त्याच्यासाठी मेटाफर पायजे."

बावीस तारीख उजाडली. रात्री मनसारामनं ट्रंक भरून ठेवली होती. ट्रंकेत फार काही नव्हतं, पण ती भरताना त्याला फार वेळ लागला होता. अकरा वाजता इन्स्पेक्टरसाहेबांची बैलांची दमणी पोंभुर्ण्याहून आली. साहेब अंगानं आडवे होते, कोट धुळीनं भुरका झाला होता आणि काखेत फाइल होती. फाइलवर सगळ्यांत वर रेंज ऑफिसचा कागद होता.

साहेब मॅट्रिकच्या वर्गात बसले. खिडक्यांत गाव बसलं. साहेबांनी विचारलं, "सिमिली म्हणजे काय?" अकरा मुलं उठली आणि एकोणिसाचा पाढा सुरू झाला. साहेबांनी मधे हात केला, मुलं थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून निघाली. मनसारामनं डोळे मिटले. त्याला गाठींवरचे आकडे दिसायला लागले.

"बरं, सिमिलीत आणि मेटाफरमध्ये फरक काय?" साहेबांनी पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारलं. मुलगा शेजाऱ्याकडे बघू लागला.

"सारखा म्हटलं त सिमिली, सायेब," खिडकीतून मुखरूचा आवाज आला. त्याला राहवलंच नाही. "अन् हायेच म्हटलं त मेटाफर. मी बगळ्यासारखा म्हटलं त चालते. मी बगळा हाये म्हटलं त आमच्या चाळीस घरचं जाळं जाते."

"कोण आहे तो?"

"पालक आहेत, सर," हेडमास्तर म्हणाले आणि खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

"अन् हायपरबोली म्हंजे," गुणाबाईनं दुसऱ्या खिडकीतून भर घातली, "हा नथ्थू बोलते थे."

साहेब उठले, बाहेर गेले आणि भिंतीसमोर उभे राहिले. एक्कावन्न ओळी त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. अख्खं गाव त्यांच्या पाठीकडे बघत होतं. धीरापुरत्या बगळ्यापाशी ते थांबले. भैयाजींच्या ओळीपाशी त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं.

"हे मास्तरांनी सांगितलेलं, की मुलांचं स्वतःचं?" त्यांनी विचारलं.

"मुलांचं, सर," मनसाराम म्हणाला. "पुरवण्या गावाच्या."

"पाठ केलेलं कोणीही लिहील. मला आत्ता नवीन वाक्य हवं. इंग्रजीत. विषय मी स्वतः." साहेब मुलांकडे वळले. "सांगा. मी कशासारखा आहे?"

साहेब कशासारखे दिसतात, हे मनसारामला सकाळपासून तीनदा सुचलं होतं आणि तिन्ही वेळा त्यानं घाबरून ते मनातून काढून टाकलं होतं. दहा मुलांनी माना खाली घातल्या. कमळानं हात वर केला. मनसारामनं तिला डोळ्यांनी विनवलं, तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती साहेबांकडे बघत होती, नीट बघत होती. मास्तरनंच तसं शिकवलं होतं.

ती इंग्रजीत बोलली, हळूहळू, एकेक शब्द पाण्यात पाय टाकावा तसा चाचपून. साहेब मोहाच्या झाडासारखे आहेत. त्यांचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. आम्ही आधी झाडाखालची जागा झाडून ठेवतो. मग टोपल्या घेऊन वर बघत उभे राहतो, काय पडतं ते.

साहेबांनी अंगणाकडे पाहिलं. अंगण सकाळीच सारवलेलं होतं, सडा ताजा होता. मग त्यांनी समोर उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं, आणि त्या कोट घातलेल्या मास्तरकडे, ज्याच्या हातात टोपली तेवढी नव्हती.

"काय म्हनली पोरगी?" भैयाजींनी नथ्थूला विचारलं. मनसारामनं अर्थ सांगितला.

"झाड!" भैयाजी हादरून म्हणाले. "सायेब, झाड नोका होऊ! झाडं सारी सरकारजमा हायेत!"

"मी अठरा वर्षांपासून सरकारजमाच आहे, भैयाजी," साहेब म्हणाले. आणि त्या अठरा वर्षांत तपासणीच्या दिवशी ते पहिल्यांदाच हसले असावेत, कारण हसायला सुरुवात केल्यावर थांबायचं कसं, हे त्यांना पटकन सापडेना.

दुपारी त्यांनी शेरा लिहिला. मुलांचं इंग्रजी साधारण, एका मुलीचं उत्तम, ग्रामस्थांचं समाधानकारक. रेंज ऑफिसला उत्तर लिहिलं, की सदर भिंतीवरील नोंदी अलंकारिक असून त्यांच्या आधारे लाकूड देऊ नये. मात्र क्रमांक एक्कावन्नचे लटारू हे मूळ यादीतून खरोखरच राहून गेले आहेत, त्यांचा अर्ज सोबत जोडला आहे. अर्ज लिहिताना लटारू शेजारी उभा होता आणि आपलं नाव कागदावर उतरेपर्यंत त्यानं श्वास घेतला नाही. शेवटी, शिक्षकास कायम करावे. सही.

दमणी निघताना साहेब मनसारामला म्हणाले, "सिमिली झाली. आता पुढचं घ्या. पर्सनिफिकेशन कच्चं आहे पोरांचं."

मनसारामनं ट्रंक रिकामी केली आणि वर्गात जाहीर केलं, की सोमवारपासून पर्सनिफिकेशन. निर्जीव वस्तू माणसासारख्या बोलतात, त्यांना सुखदुःख असतं, असं मानून लिहायचं. त्याच्या आवाजात कायम झालेल्या माणसाची ऐट होती. मुलांनी ते घरी सांगितलं. मुलांच्या घरून ते नथ्थू कोतवालाला कळलं. शनिवारी नथ्थूनं गावभर दवंडी पिटली, की सोमवारी शाळेत निर्जीव चीजवस्तूंचं म्हणणं लिहून घेणार आहेत, ज्याच्या वस्तूची काही तक्रार असेल त्यानं ती हजर करावी.

सोमवारी सकाळी मनसाराम शाळेत आला तेव्हा अंगणात अकरा नांगर, दोन मासेमारीचे डोंगे, चार जाती, एक मोडकी बाज आणि भैयाजींची जुनी पालखी रांगेनं उभी होती, आणि प्रत्येक वस्तूच्या बाजूला तिच्या वतीनं बोलायला एकेक माणूस. त्यानं सगळ्यांकडे एकवार पाहिलं. मग हजेरीपट उघडला आणि नांगरांपासून सुरुवात केली.